अंधारातले ताट

आपल्या देशात हलते चित्र पहिल्यांदा दिसले ते एका हॉटेलात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने पडदा लावला, तिकीट एक रुपया ठेवले, आणि ज्यांना तो रुपया परवडत होता त्यांनी ती जादू पाहिली. आठवडाभरात तो खेळ तिथून उठून नॉव्हेल्टी थिएटरात गेला. जुलै संपता संपता तिथले दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लागले, गोषातल्या बायकांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय झाली. म्हणजे जन्म हॉटेलात झाला खरा, पण पोर तिथे रमले नाही. त्याला चार आणेवाल्यांचा लळा लागला, आणि पुढे शंभर वर्षे त्याला खाऊपिऊ घालून वाढवले तेही याच चार आणेवाल्यांनी. पिटात बसून शिट्ट्या मारणारे, पडद्यावर नाणी उधळणारे, नायिकेबरोबर पदराने डोळे पुसणारे, हेच ते लोक.

ते पोर आता कर्तेसवरते झाले, तेव्हा त्याला पुन्हा हॉटेलात नेऊन बसवण्याचा घाट चालला आहे. माझे भांडण आहे ते या घाटाशी.

दिल्लीत २०११ साली ‘डायरेक्टर्स कट’ नावाचे चित्रपटगृह निघाले, तेव्हा त्याचे नवल वर्तमानपत्रांतून वाचले होते. पुढे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०२१ साली ‘जिओ वर्ल्ड ड्राइव्ह’मध्ये आणि २०२३ साली ‘जिओ वर्ल्ड प्लाझा’मध्ये त्याहून थाटाची चित्रपटगृहे उघडली. पाय पसरून आडवे होता येईल अशी खुर्ची, अंगावर पांघरूण, हाताशी एक कळ, आणि ती दाबली की खाण्याचे ताट घेऊन येणारा माणूस. दाराशी उपाहारगृह आणि आत पडदा, असा हा संसार आहे. यात उपाहारगृह पडद्यासाठी आहे की पडदा उपाहारगृहासाठी, हा प्रश्न मात्र कोणी विचारायचा नसतो.

वाचक म्हणतील, मोहर्लीच्या मास्तरीणबाईला या उठाठेवी कशाला? तुमच्याकडे ताडोब्याचे वाघ आहेत, इरई धरणाचे पाणी आहे, तेवढ्यावर समाधान मानावे. वाचकहो, ऐषआराम म्हणजे काय हे आम्हा मोहर्लीकरांना शिकवायला नको. आमच्या गावच्या रस्त्याला एका अंगाला शेणाने सारवलेली अंगणे आहेत आणि दुसऱ्या अंगाला एका रात्रीला हजारो रुपये मोजावे लागतात अशी रिसॉर्टे आहेत. माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेली किती तरी पोरे आज त्या रिसॉर्टांतून ताटे उचलतात, जिप्सी चालवतात, गाइड म्हणून पाहुण्यांना जंगल दाखवतात. ती चार पैसे मिळवतात याचा मला आनंदच आहे. श्रीमंताने आपल्या पैशाने मऊ गादीवर निजावे, त्याबद्दल मी कधी ब्र काढलेला नाही. पण वाघ पाहायला निघालेल्या श्रीमंतालासुद्धा गेटावर आपला मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. जंगलाचा म्हणून काही मान आहे, तो त्याने राखायचा असतो. चित्रपटाचा असा काही मान आहे की नाही, एवढाच माझा सवाल आहे.

गेल्या मे महिन्यात मुंबईला दिराकडे गेले होते. सासूबाई बरोबर होत्या. भाऊजी म्हणाले, “वहिनी, आज चूल बंद. तुम्हाला सिनेमा आणि जेवण एकाच ठिकाणी.” त्यांचा आग्रह मनापासूनचा होता, तिकिटांचा आकडा त्यांनी मला सांगितला नाही, आणि त्या चित्रपटगृहाचे नाव मीही इथे सांगणार नाही. दाराशी एका शिपाईदादाने माझी पिशवी उघडली. सासूबाईंना साखरेचा आजार. रात्री वेळेवर दोन घास पोटात गेले नाहीत तर त्यांना घेरी येते. म्हणून एका डब्यात भाकर आणि चार सांभारवड्या घेतल्या होत्या. “बाहेरचे खाणे आत चालत नाही, मावशी,” तो म्हणाला. बोलला अदबीने, पण डबा ठेवून घेतला आणि बिल्ला हातात दिला. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “आपल्या अन्नाले का झालं वं?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याने दिले, “मोठी आई, तो कायदाच आहे.”

मी मॅट्रिकवर थांबलेली बाई, कायद्याचे पुस्तक उघडलेले नाही. पण वर्तमानपत्र रोज वाचते. हा कायदा आहे तरी कसा, ते पाहू. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात याच गोष्टीवर जनहित याचिका चालू होती. त्या जुलैत नागपूरच्या पावसाळी अधिवेशनात राज्यमंत्र्यांनी सांगितले की बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यावर बंदी नाही, अडवणाऱ्यांवर कारवाई होईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात त्याच सरकारने न्यायालयात प्रतिज्ञापत्र घातले, की यात सरकारने हात घालण्याची गरज दिसत नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पुरणपोळीने चित्रपटगृह उडवल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. अखेर ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटगृह ही मालकाची खाजगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे खाणे आणू न देण्याचा त्याला हक्क आहे. उद्या कोणी जिलेबी घेऊन आला आणि चिकट बोटे खुर्चीला पुसली तर काय करायचे, असाही प्रश्न सुनावणीत निघाला. निकाल मान्य आहे. न्यायालयाचा अवमान करण्याची माझी छाती नाही. पण ती जिलेबी बाहेरून आणली तरच खुर्चीला चिकटते, आणि आतल्या उपाहारगृहाची चॉकलेटची खीर चिकटत नाही, हे न्यायालयाने म्हटलेले नाही. ते मालकांनी मनाने घेतले. त्याच निकालात स्वच्छ पिण्याचे पाणी फुकट द्यावे, तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेले बेताचे खाणे अडवू नये, हेही आहे. पाण्याचे नळ कुठे आहेत ते मात्र विचारूनच शोधावे लागते.

गंमत अशी, की ज्या मक्याच्या लाह्यांवर आज ही सारी दुनिया चालते, त्या लाह्यांनाच एके काळी अमेरिकेतल्या थाटाच्या चित्रपटगृहांनी दाराबाहेर ठेवले होते. गालिचे खराब होतात म्हणून! लाह्यावाला रस्त्यावर उभा राहून विकायचा. मग १९३०च्या सुमाराची मंदी आली, गल्ला रोडावला, आणि गालिच्यांची काळजी मालकांच्या मनातून गेली.

आपल्याकडचा गल्ला कसा चालतो तेही सांगते, म्हणजे माझा राग नुसता डब्याचा नाही हे कळेल. मल्टिप्लेक्समध्ये आपण तिकिटाला पैसे देतो, त्यातले कर वजा जाता पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे वितरकाकडे जातात. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, आणि पुढे तीस. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचे मोठे भांडण झाले, बरेच दिवस नवे हिंदी चित्रपट लागेनात, तेव्हा ही वाटणी ठरली. लाह्यांत, कॉफीत, सामोशात मात्र निर्मात्याचा वाटा नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या चित्रपटगृह-कंपनीचे अलीकडचे हिशेब पाहिले तर सरासरी तिकीट अडीचशेच्या वर आणि माणशी खाण्याचा खर्च सव्वाशेच्या वर दिसतो. म्हणजे प्रेक्षक चित्रपटावर दोन रुपये टाकतो तेव्हा जिभेवर एक टाकतो, आणि त्या एकात मालकाला वाटेकरी नाही. मग मालकाने पडद्यापेक्षा भटारखान्याकडे अधिक लक्ष दिले तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? व्यापाऱ्याने व्यापार करावा. पण त्याने त्याला ‘चित्रपटाचा सर्वोत्तम अनुभव’ म्हणू नये, आणि आपण ते ऐकून मान डोलवू नये.

आता त्या आतल्या अनुभवाचे सांगते. दिवे मंदावले. चित्रपट बरा होता. एक बाप मुलीच्या फीसाठी सावकारापुढे उभा आहे, शब्द फुटत नाही, नुसती पागोट्याची चुंबळ हातात फिरवतो आहे. आणि नेमके तेव्हा माझ्या कानाशी, “मॅडम, सॉस आणखी आणू?” पडद्यावरच्या बापाला शब्द फुटेपर्यंत माझ्या ताटात काहीतरी लाल पडले होते. पुढच्या ओळीत कोणाचा काटा खाली पडला, तो मोबाइलच्या उजेडात शोधला गेला. शेजारी सुऱ्यांचा किणकिणाट. कसल्याशा भाजलेल्या चीजचा वास असा पसरला की त्या सावकाराच्या वाड्यातच कोणी भट्टी लावली असावी. मी काय खाल्ले ते मला आज सांगता येणार नाही, कारण ते मला दिसलेच नाही. आणि सासूबाईंनी तर ताट मांडीवर तसेच धरून ठेवले. अंधारात खाणे हे त्यांच्या लेखी सुतकातले खाणे.

त्या म्हातारीचे मला पटते. जेवण ही आपल्याकडे एकमेकांकडे बघत करायची गोष्ट आहे. कोणाच्या पानात काय संपले, कोण लाजून मागत नाही, कोणी भाजी बाजूला सारली, हे दिसल्याशिवाय वाढणारीला वाढता येत नाही आणि जेवणाराला जेवता येत नाही. चित्रपट ही साऱ्यांनी एकाच दिशेला बघत करायची गोष्ट. दोनशे अनोळखी माणसे एका अंधारात एकाच वेळी हसतात, एकाच वेळी श्वास रोखतात, त्यात शेजारच्या माणसाची जात, पगार, गाव काही दिसत नाही. चित्रपटगृहाची सगळी पुण्याई मला यात वाटते. या दोन गोष्टी एका खुर्चीत कोंबल्या की जेवणारा जेवत नाही आणि पाहणारा पाहत नाही. वर खुर्च्या अशा दूर दूर आणि अशा खोल, की हसू आले तर ते आपल्या एकट्याचेच ऐकू येते. घरच्या दिवाणखान्यात दूरदर्शन पाहत जेवतो त्यात आणि यात अंतर एवढेच की दिवाणखान्यात डबा कोणी काढून घेत नाही.

आणखी एक माणूस त्या अंधारात होता, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. ताट आणणारा तो पोरगा. पडद्यापुढून जाताना कोणाला आडवे येऊ नये म्हणून तो कमरेत पार वाकून चालायचा. मी ती चाल ओळखते. आमच्या गावची पोरे नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती शिकतात. रिसॉर्टात निदान उजेड असतो, पाहुणा मान वर करून बघतो, एखादा नावही विचारतो. इथे त्याचे तोंड कोणाला दिसत नाही, दिसूच नये अशी व्यवस्था आहे. त्याने तो चित्रपट पन्नास वेळा पाहिला असेल आणि एकदाही पाहिला नसेल. सावकाराच्या त्या प्रसंगाशी त्याचा, माझ्या शेजारच्या कोणाहीपेक्षा, जवळचा संबंध असण्याचा संभव आहे. तेव्हा तो सॉस मोजत होता.

माझ्या विरोधी पक्षाचे म्हणणेही मांडते, कारण ते सगळेच पोकळ नाही. जुनी टॉकीज म्हणजे सुवर्णयुग होते असे मला कोणी सांगू नये. मोडक्या खुर्च्या, ढेकूण, पंख्याचा खडखडाट, आणि बायकांच्या शौचालयाची जी दशा असे ती दिवाळीच्या अंकात लिहिण्याजोगी नाही. मध्यंतरात तिकडे जायला लागू नये म्हणून आम्ही बायका दुपारपासून पाणी पीत नसू. नव्या चित्रपटगृहांनी ती लाज संपवली, त्याबद्दल त्यांना माझा दंडवत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना मऊ खुर्ची मिळाली, उत्तमच झाले. आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी १९९७ साली टिम आणि कॅरी लीग या नवराबायकोने ‘अलामो ड्राफ्टहाउस’ नावाने असेच जेवणाचे चित्रपटगृह काढले, ते नावाजलेही. पण त्यांनी आधी कडक नियम केला: बोलणे बंद, मोबाइल बंद, ऐकत नसेल त्याला बाहेर काढणार. खाण्याची मागणी वर्षानुवर्षे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मुकाट्याने पुढे ठेवायची. आपण कोणत्या निखाऱ्याशी खेळतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे निखारा तेवढा आयात झाला.

“ज्याच्याजवळ पैसा आहे तो जाईल, तुमचे काय जाते?” हा भाऊजींचा प्रश्न. माझे जाते ते असे. कर्नाटक सरकारने २०२५ साली तिकिटाला दोनशे रुपयांची मर्यादा घातली. तिला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ते असो. पण त्या नियमातसुद्धा पंचाहत्तर किंवा त्याहून कमी खुर्च्यांच्या थाटाच्या पडद्यांना सूट होती. म्हणजे लोकांच्या बाजूने उभे राहायला निघालेले सरकारही या दाराशी येऊन जोडे काढते. आणि सर्वांत अधिक नफा जिथे, तिथेच नवे भांडवल जाणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. मोठ्या शहरांत पंचाहत्तर खुर्च्यांचे पडदे वाढतील, आणि तालुक्याच्या गावी आठशे खुर्च्यांची टॉकीज होती तिथे मंगल कार्यालय होईल. मी वर्गात विचारले, की घरी मोबाइलवर नव्हे, थिएटरात जाऊन सिनेमा कोणी पाहिला आहे? चंद्रपूर आमच्यापासून तीसेक किलोमीटर. पाचसहा हात वर झाले. एका पोरीने विचारले, “बाई, तिथं सगळे संगच बघतात का?” तिला त्यातले नवल तेच वाटले होते, एवढे सगळे लोक एकदम.

ते नवल तिला आमच्या भागात दुसरीकडे मात्र मिळू शकते, आणि तिथे जेवणाचीही तोड आहे. मोहर्लीच्या पूर्वेला, जंगल ओलांडले की सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगेपलीकडे वडसा. ही झाडीपट्टी. धान कापून झाले, दिवाळी सरली, की गावोगाव मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने आहेत. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले. नाटक रात्री दहाला उभे राहते आणि पहाटे संपते. तिकीट असते, आणि भाबडेपणाने सांगत नाही, तिथेही पुढे खुर्च्यांचे महाग आणि मागे जमिनीवरचे स्वस्त असतेच. पण मंडप एकच, रडू येते ते एकदमच. आणि जेवण? मंडईला लेकी-जावई, व्याही, आतेमामे सगळे गावात उतरतात. ज्याच्या घरी मंडई त्याच्या घरी पंगत, उजेडात, वेळेवर, पोट भरून. मग शाली-घोंगड्या घेऊन मंडळी नाटकाला. मंडपाबाहेर भज्यांच्या कढया, चहाच्या किटल्या असतातच. मध्यंतरात उठायचे, खायचे, परत येऊन बसायचे. भजी तळणारासुद्धा रंगात आलेल्या प्रवेशाला कढईखालचा जाळ कमी करून कनातीपाशी येऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे.

मी काही चित्रपटगृहांना कुलपे ठोकायला सांगत नाही. उपाहारगृह असू द्या, दाराशी असू द्या, त्यात मेजावर दिवा असू द्या. चित्रपटाआधी जेवा, नंतर जेवा, मध्यंतर वीस मिनिटांचे करा. पण पडदा उजळला की सुरी-काटा आणि वाढप्या दोघेही बाहेर, आणि तो वाढप्या मागच्या रिकाम्या खुर्चीत बसला तर त्याला कोणी उठवू नये. आजारी माणसाचा डबा आत येऊ द्या. फुकटचे पाणी असेल तिथे मराठीत मोठी पाटी लावा. सप्टेंबर २०२५ पासून सरकारने शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला आहे. तेव्हा जी कंपनी थाटाच्या पडद्याला परवाना मागेल, तिने जिल्ह्यात एक पडदा शंभरच्या आतला चालवावा, अशी अट घालायला काय हरकत आहे? जागा नाही म्हणतील. लेहला २०२१ साली, अकरा हजार फुटांहून उंच, हवेने फुगवलेल्या तंबूत चित्रपटगृह उभे राहिले. मोहर्लीला तर सपाट मैदान आहे.

भाऊजींना हे सगळे पत्राने कळवले आहे. त्यांनी लिहिले, वहिनी, तुमचे अर्धे पटले, पण ती खुर्ची फार छान होती. खरेच छान होती. त्यांना मी डिसेंबरात मंडईला बोलावले आहे. जेवण आमच्याकडे साडेसातला, गाडी नऊला निघेल, शाल ज्याची त्याने आणावी. सासूबाई सांभारवड्या करणार आहेत.